फोड कुठल्या थरात आहे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी उभी हयात त्वचेच्या स्लाइड वाचण्यात घालवली. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांच्या टेबलावर सतत येणारा आणि त्यांना फार जिव्हाळ्याचा असलेला प्रश्नच मी घेतला. अंगावर पाण्याचे फोड आणणारे रोग पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा जिवावर उठतो, एखादा गोळ्यांनी आटोक्यात येतो, तर एखादा योग्य औषध मिळालं की आठवडाभरात मागमूस न ठेवता निघून जातो. वरून पाहताना मात्र नवख्या डोळ्याला सगळे सारखेच वाटतात. कोणता रोग कोणता हे ठरवायला त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा बहुतेक वेळा पुरतो. तो तुकडा काय सांगतो, आणि आपण त्याला नीट विचारलं नाही तर काय सांगत नाही, हे आज मांडणार आहे.

सभागृहात डॉक्टर नसलेले बरेच जण आहेत, म्हणून रुग्णापासून सुरुवात करतो. आमच्याकडे येणारी ही रुग्ण साधारण चाळिशी-पंचेचाळिशीतली असते. आधी तिला तोंड येतं. घरचे म्हणतात, उष्णता झाली. गुलकंद होतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, दुकानातून आणलेलं जेल लावून होतं. तिखट सुटतं, मग भाकरीही गिळवत नाही. असे दोन-चार महिने जातात. मग छातीवर, पाठीवर, काखेत फोड उठतात. कुणी म्हणतं नागीण आहे, गेरू लावा. फोड इतका नाजूक असतो की कपड्याच्या घर्षणानेही फुटतो आणि खाली लाल, ओली, आग होणारी जागा उरते. ती भरून येत नाही, वाढतच जाते. साडी अंगाला चिकटते, ती सोडवताना पुन्हा कातडी निघते. अशा जागेच्या कडेला बोटाने हलकासा दाब देऊन सरकवलं, तर चांगली दिसणारी कातडीही सुटून येते. प्योत्र निकोल्स्की या रशियन त्वचातज्ज्ञाने 1896 मध्ये हे लक्षण मांडलं आणि आजही आम्ही ते त्याच्याच नावाने ओळखतो. या बाईंचा रोग पेम्फिगस व्हल्गारिस.

दुसरे रुग्ण सत्तरी ओलांडलेले आजोबा. त्यांना कित्येक आठवडे नुसती खाज असते. मग मांड्यांवर, पोटावर, हातांवर टणक, ताणलेले, घट्ट भरलेले फोड येतात. हे फोड सहजासहजी फुटत नाहीत. तोंड बहुधा साफ असतं. यांचा रोग बुलस पेम्फिगॉइड.

आज आम्ही ही दोन नावं सहज घेतो. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोघांच्याही केसपेपरवर एकच नाव लिहिलं जात असे, पेम्फिगस. एका वॉर्डात, एकाच नावाखाली, एक रुग्ण वर्षा-दोन वर्षांत दगावत होता आणि दुसरा कित्येक वर्षं जगत होता. डॉक्टर त्याला रोगाचं लहरीपण म्हणत. फिलाडेल्फियाच्या लुई डूरिंग यांनी 1884 मध्ये खाजरे, पुंजक्यांनी उठणारे फोड वेगळे काढून त्यांना डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असं नाव दिलं, आणि त्याने गोंधळ काहीसा कमीही झाला. पण पुढे जो रुग्ण मरत नव्हता त्याला या नव्या नावाखाली टाकण्याची सवय लागली. म्हणजे निदान रुग्ण जगला की गेला यावरून मागाहून ठरू लागलं. डॉक्टरला निदान आधी हवं असतं.

ही कोंडी फुटली ती फोड आडवा न पाहता उभा कापून पाहिल्यामुळे. त्यासाठी त्वचेची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. सगळ्यात वरची बाह्यत्वचा शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड असते. तेवढ्यात तिचे थर बसलेले आहेत. तळाशी एका ओळीत उभ्या पेशी, हा तळथर. त्यावर काटेरी थर, त्यावर कणीदार थर, आणि सर्वांत वर मृत पेशींचा कठीण थर. तळथर आधारपटल नावाच्या अतिशय पातळ पटलावर बसलेला असतो आणि त्याखाली अंतस्त्वचा, म्हणजे तंतू, रक्तवाहिन्या, नसा. शेजारशेजारच्या पेशी डेस्मोसोम नावाच्या जोडांनी एकमेकींना धरून असतात. तळथराच्या पेशी खालच्या पटलाला वेगळ्या प्रकारच्या जोडांनी धरून असतात. यांतला कुठलातरी जोड सुटतो, फट पडते, फटीत पाणी भरतं, आणि आपण म्हणतो फोड आला.

म्हणून सर पहिला प्रश्न एकच विचारायला लावत: फट कुठल्या थरात आहे? कठीण थराच्या लगेच खाली, तळथराच्या लगेच वर, की अख्ख्या बाह्यत्वचेच्याच खाली? विद्यार्थी स्लाइड हातात घेतल्या घेतल्या मोठं भिंग लावून पेशी ओळखू लागला की ते त्याला थांबवत. आधी लहान भिंग, आधी थर. मग दुसरा प्रश्न, फट पडली कशाने? पेशी एकमेकींपासून सुटल्या, त्यांच्यामध्ये पाणी साचून त्या ताणल्या गेल्या, की पेशीच मेल्या? आणि त्यानंतर तिसरा, आजूबाजूला कोणत्या पांढऱ्या पेशी जमल्या आहेत? बर्नार्ड ॲकरमन यांनी 1978 मध्ये त्वचेच्या दाहाचं सगळं निदान असं आकृतिबंधावरून वाचण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तिचा प्रभाव आमच्या पिढीवर फार मोठा आहे आणि माझ्या मते फोडांच्या रोगांत ती सर्वांत चोख लागू पडते.

आता त्या बाईंची स्लाइड पाहू. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवलेली. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. फोडाचं छप्पर म्हणजे बाह्यत्वचेचा जवळजवळ सगळा भाग, पण तळथर त्यात नाही. तो खालीच राहिला आहे. फोडाच्या तळाशी त्या पेशी एका ओळीत उभ्याच्या उभ्या आहेत. दोन्ही बाजूंच्या शेजारणींचा हात सुटलेला, वर काही नाही, पण पायाशी घट्ट. पाठ्यपुस्तकांत या दृश्याला कबरींवरच्या दगडांची रांग म्हणतात, आणि एकदा पाहिलेलं हे चित्र विसरता येत नाही. वरच्या पाण्यात सुट्या पेशी तरंगतात. मूळच्या बहुकोनी पेशी सुटल्यावर गोल झालेल्या, केंद्रक मोठं, भोवतीचा भाग गडद गुलाबी. नीट पाहिलं तर हीच फट केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातही खाली उतरलेली दिसते. फोडाचं छप्पर गळून गेलेल्या तुकड्यात कित्येकदा तेवढाच पुरावा हाती लागतो.

पेशींच्या या सुटण्याला अकॅन्थोलायसिस म्हणतात. व्हिएन्नाच्या हाइनरिश ऑस्पिट्झ यांनी 1881 मध्येच तिचं वर्णन केलं होतं. पण ती पेम्फिगसची खूण आहे आणि डूरिंगच्या रोगात ती नसते, हे पॅरिसच्या आशिल सिव्हाट यांनी 1943 मध्ये ठामपणे दाखवलं. मधली साठेक वर्षं ते वर्णन पुस्तकात पडून होतं. त्यावर पुढचं पाऊल टाकलं वॉल्टर लेव्हर यांनी. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हे त्वचाविकृतितज्ज्ञ. त्यांचं त्वचाविकृतीवरचं पाठ्यपुस्तक 1949 मध्ये निघालं आणि नव्या आवृत्त्यांतून ते आजही आमच्या कपाटात असतं. लेव्हर यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं, की पेम्फिगस म्हणून नोंदलेल्या रुग्णांमध्ये एक मोठा गट असा आहे, ज्यांत पेशी एकमेकींपासून सुटतच नाहीत. अख्खी बाह्यत्वचा एकसंध उचलली जाते आणि फोडाचा तळ म्हणजे उघडी अंतस्त्वचा. त्या गटाला त्यांनी बुलस पेम्फिगॉइड म्हटलं. आपल्या सत्तरीतल्या आजोबांचा फोड टणक का, याचं उत्तरही त्यातच आलं. त्याचं छप्पर पूर्ण जाडीचं आहे.

नुसतं नाव बदलून रुग्णाला काय मिळालं, असं कुणी विचारेल. कॉर्टिसोन जातीची औषधं नेमकी त्याच सुमाराला वापरात आली होती. पेम्फिगसला त्यांचा मोठा डोस, दीर्घकाळ द्यावा लागे, त्याशिवाय जीव वाचत नसे. पेम्फिगॉइडच्या म्हाताऱ्या रुग्णाला तेवढा डोस दिला, तर रोगाआधी औषधानेच त्याची हाडं, साखर आणि रक्तदाब यांची वाट लागे. कुणाला किती द्यायचं हे थरावरून ठरू लागलं.

स्लाइड चांगली व्हायची तर तुकडा चांगला यावा लागतो, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. फोड ताजा हवा, शक्यतो चोवीस तासांच्या आतला, छोटा, न फुटलेला, आणि बाजूची थोडी चांगली त्वचा त्याच्यासोबत हवी. याचं कारण त्वचा स्वस्थ बसत नाही. अख्खी बाह्यत्वचा उचलली गेली की कडेच्या पेशी लगेच उघड्या तळावर सरकू लागतात आणि काही दिवसांत तळ नव्या पेशींनी झाकतात. असा चार दिवसांचा फोड कापून पाहिला, तर फट बाह्यत्वचेच्या आत असल्याचा भास होतो. पेम्फिगॉइडचा रुग्ण कागदावर पेम्फिगसच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सूक्ष्मदर्शक खोटं बोलत नाही, पण त्याच्यासमोर शिळा फोड ठेवला तर तो शिळ्या फोडाचंच खरं सांगतो.

दुसरं काम तंत्रज्ञाचं. फॉर्मॅलिनमधून आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवताना तो कडेवर उभा बसवावा लागतो, म्हणजे कापात सगळे थर एकाखाली एक येतात. आडवा बसला तर मायक्रोटोमचं पातं बाह्यत्वचेच्या पातळीला समांतर फिरतं. मग चार-पाच मायक्रॉनचे कितीही सुरेख काप काढा, फोड कुठल्या थरात आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सगळं निदान ज्या हातावर अवलंबून असतं, त्या हाताचं नाव रिपोर्टवर कुठेच नसतं. ते असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे बायोप्सीची सोय नाही तिथे काय? आर्नो त्झांक या फ्रेंच डॉक्टरांनी 1947 मध्ये सुचवलेली युक्ती अजून तितकीच कामाची आहे. ताज्या फोडाचं छप्पर उघडायचं, तळ हलकेच खरवडायचा, ते काचेवर पसरून गिम्सा रंग द्यायचा आणि बघायचं. गोल, सुट्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर पेम्फिगसचा संशय पक्का होतो. अनेक केंद्रकं एकमेकांत दाटलेल्या भल्यामोठ्या पेशी दिसल्या तर खरोखरच नागीण किंवा तिच्या कुळातला विषाणू. ज्या शंकेपायी रुग्ण आठवडे घालवतो, ती तालुक्याच्या दवाखान्यात, एका काचेवर, अर्ध्या तासात बरीचशी मिटू शकते. पुढचं पक्कं निदान करायला बायोप्सी लागतेच, पण बाईंना मोठ्या रुग्णालयात तातडीने पाठवायचं की नाही हे त्या काचेवर कळतं.

थरावरून ठरणारं सर्वांत तातडीचं निदान मात्र वेगळंच आहे. लहान मुलाच्या अंगावरची कातडी एका दिवसात भाजल्यासारखी सोलली जाऊ लागते. दोन कारणं संभवतात. एक, स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषाने अगदी वरच्या थरात सुटणारी कातडी. दुसरं, औषधाच्या रिॲक्शनमुळे पूर्ण जाडीची बाह्यत्वचा मरून गळणं, ज्याचं वर्णन ॲलन लायेल यांनी 1956 मध्ये केलं. सुरुवातीची कित्येक वर्षं हे दोन्ही आजार एकाच नावाखाली वावरले. एकाला अँटिबायोटिक हवं. दुसऱ्यात, घेतलेलं औषध, कदाचित तेच अँटिबायोटिक, तत्क्षणी बंद करायला हवं. सुटून आलेल्या कातडीचा पापुद्रा गुंडाळायचा, गोठवून कापायचा, रंग देऊन बघायचा. फक्त कठीण थर आणि थोड्या कणीदार पेशी दिसल्या तर जंतूचं विष. पूर्ण जाडीची मेलेली बाह्यत्वचा दिसली तर औषध. तासाभरात उत्तर मिळतं. थर मोजण्याच्या या जुन्या विद्येचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जोड सुटतात कशाने? बफेलो शहरात अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी 1964 मध्ये पेम्फिगसच्या रुग्णांचा रक्तद्रव निरोगी उपकलेच्या कापावर टाकला आणि चमकणाऱ्या रंगाची खूण लावलेली प्रतिपिंडं वापरून अंधारात पाहिलं. पेशी-पेशींच्या मधल्या सगळ्या सीमारेषा हिरव्या उजळल्या होत्या. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याच्याच पेशींच्या जोडांना चिकटत होती. 1967 मध्ये पेम्फिगॉइडचं तसंच चित्र आलं, फक्त रेष वेगळी. ती पेशींच्या मध्ये नव्हती, आधारपटलाच्या जागी सरळ ओढलेली होती. लेव्हर यांनी दोन रंगांवर केलेली विभागणी रोगाच्या मुळापर्यंत बरोबर होती, याचा हा पुरावा. आकारावरून केलेली वर्गवारी पुढच्या शास्त्राच्या कसोटीला इतकी उतरल्याची उदाहरणं वैद्यकात थोडी आहेत.

मग जोडांमधले रेणूच सापडले. मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅनली यांच्या गटाने 1991 मध्ये पेम्फिगस व्हल्गारिसच्या प्रतिपिंडांचं लक्ष्य ओळखलं. ते म्हणजे डेस्मोग्लीन-3 हे जोडणारं प्रथिन. त्याचं भावंड डेस्मोग्लीन-1. त्वचेत 3 क्रमांकाचं प्रथिन तळाकडे जास्त, 1 क्रमांकाचं वर जास्त. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्य भार 3 क्रमांकावर. आता मागचं सगळं उलगडतं. 3 क्रमांक निकामी झाला की तोंडात सांभाळायला दुसरं फारसं कुणी नाही, म्हणून बाईंचं आधी तोंड आलं. पुढे दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की त्वचेवरही फोड येतात आणि फट तळथराच्या लगेच वर पडते. पेम्फिगस फोलिएशियस या दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं फक्त 1 क्रमांकाविरुद्ध असतात. खालच्या थरांत 3 क्रमांक सांभाळून घेतो, म्हणून फट अगदी वर पडते आणि तोंडात काही होत नाही. ब्राझीलच्या ग्रामीण भागात हा प्रकार एखाद्या साथीसारखा मुक्काम ठोकून आहे.

आणि त्या लहान मुलाच्या अंगावरचं जंतूचं विष? अमागाई यांच्याच गटाने 2000 मध्ये दाखवलं की ते विष नेमकं डेस्मोग्लीन-1 कापतं. एकीकडे स्वतःच्याच शरीराने उलटून तयार केलेली प्रतिपिंडं, दुसरीकडे बाहेरून आलेला जंतू. घाव एकाच रेणूवर, म्हणून फट त्याच थरात. या रोगांच्या अभ्यासात मला याहून सुंदर गोष्ट आढळलेली नाही. नवजात बाळाचंही असंच. पेम्फिगस फोलिएशियस असलेल्या आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, तरी बाळाला सहसा फोड येत नाहीत, कारण नवजात त्वचेत 3 क्रमांकाचं प्रथिन वरच्या थरांतही असतं. व्हल्गारिस असलेल्या आईच्या बाळाला मात्र फोड घेऊन जन्म घ्यावा लागू शकतो. काही आठवड्यांत आईची प्रतिपिंडं संपतात आणि बाळ बरं होतं.

साध्या स्लाइडची मर्यादाही सांगितली पाहिजे. बाह्यत्वचेखाली फट पडणारे रोग अनेक आहेत. पेम्फिगॉइडमध्ये इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी जमतात. डूरिंगच्या रोगात अंतस्त्वचेच्या टोकांशी न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके दिसतात. पण सगळेच रोग इतके सरळ वागत नाहीत. पेम्फिगॉइड आणि एपिडर्मोलायसिस बुलोझा ॲक्विझिटा यांची स्लाइड कधी कधी हुबेहूब सारखी असते. तिथे निरोगी त्वचा तीव्र मिठाच्या पाण्यात ठेवतात. आधारपटलाच्या पातळीवर तिचे दोन पदर सुटतात. त्यावर रुग्णाचा रक्तद्रव टाकला की हिरवी रेष छपराच्या बाजूला उमटते की तळाच्या, ते पाहायचं. छपराला असेल तर बहुधा पेम्फिगॉइड. तळाला असेल तर दुसऱ्या रोगाचा विचार, आणि तो औषधांना फार सहज जुमानत नाही. म्हणजे इतकं पुढे गेल्यावरही आम्ही तेच विचारतो आहोत, कुठल्या पातळीवर.

आपल्या देशात पेम्फिगस हा पेम्फिगॉइडपेक्षा जास्त दिसतो आणि तो ऐन कर्त्या वयात गाठतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात त्यावर पल्स उपचार रूढ केला. तीन दिवस रोज 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून, त्यांतल्या एका दिवशी 500 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर 28 दिवसांनी पुन्हा. महाराष्ट्रातल्या त्वचारोग विभागांनीही तो उचलला आणि कित्येक रुग्ण त्यावर उभे राहिले. आता रिटुक्सिमॅब हे औषध आलं आहे. दोन्ही उपचार ताकदवान आहेत, दोन्हींत प्रतिकारशक्ती दबते, आणि सायक्लोफॉस्फामाइडने तरुण स्त्रीची मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. असं औषध अंदाजाने सुरू करणं मला मान्य नाही.

आता रक्तातली डेस्मोग्लीनविरोधी प्रतिपिंडं मोजणारी चाचणी मोठ्या शहरांत मिळते. काही तरुण सहकारी विचारतात, मग तुकडा काढायचाच कशाला? ती चाचणी तुम्ही विचारलेल्या रेणूचं उत्तर देते. न विचारलेल्या रोगाबद्दल ती गप्प राहते. स्लाइडला आधी काहीच विचारावं लागत नाही. पेम्फिगस समजून पाठवलेल्या तुकड्यात नागीण, इंपेटिगो किंवा हेली-हेलीचा आनुवंशिक रोग निघाल्याचं मी पाहिलं आहे. शिवाय साध्या रंगाची स्लाइड जिल्ह्याच्या गावी होते, तिचा खर्च गरिबाला झेपतो आणि तिचा ठोकळा वर्षानुवर्षं जपता येतो. रोग पुढे वेगळा वागला तर तोच ठोकळा पुन्हा कापता येतो.

म्हणून गावोगावच्या तरुण डॉक्टरांकडे माझं एवढंच मागणं आहे. फोडाच्या रुग्णाचे दोन तुकडे घ्या. ताज्या फोडाच्या कडेचा एक फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या न सुटलेल्या त्वचेचा, आणि तो चुकूनही फॉर्मॅलिनमध्ये नको, कारण त्यात चमकणारी प्रतिपिंडं दिसेनाशी होतात. त्यासाठी मिशेलचं द्रावण वापरा. ते नसेल आणि तुकडा चोवीस तासांत पोहोचणार असेल तर सलाइनही चालतं. दोन्ही बाटल्यांवर नाव लिहा. सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं 'त्वचा बायोप्सी' लिहून पाठवू नका. रुग्णाचं वय, फोड किती तासांचा, तुकडा नेमका कुठून घेतला, तोंडात काही आहे का, खाज आहे का, गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधं घेतली, स्टेरॉइड आधीच सुरू आहे का, हे लिहा.